सॉफ्ट कोरल कुजायला लागलं तर काय करायचं? सोलापूरच्या हवेतल्या रीफ टाकीसाठी

रीफ टाकी म्हणजे समुद्री पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची टाकी आणि सॉफ्ट कोरल म्हणजे दगडी सांगाडा नसलेलं मऊ प्रवाळ. त्यातलं छत्रीसारखं टोडस्टूल लेदर दोन दिवस मिटलेलं दिसलं की पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. सॉफ्ट कोरलची मर होते तेव्हा जंतू बहुतेकदा मागून येतात, आधी पाणी बिघडलेलं असतं. सोलापुरात ते बिघडण्याची कारणंही ठरलेली आहेत: एप्रिल-मेचं ऊन, रोज उडून जाणारं पाणी आणि त्याच्या जागी आपण जे ओततो ते पाणी.

खालची सगळी मापं चार बाय दीड बाय दीड फुटी टाकी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मापाने ती २५५ लिटरची भरते. खडक, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता तिच्यात खरं पाणी २०० लिटरच्या आसपास असतं. डोस नेहमी या २०० वर काढायचा.

रुसलंय की आजारी आहे?

लेदर जातीची कोरल, म्हणजे टोडस्टूल, फिंगर लेदर, डेव्हिल्स हँड, अधूनमधून कात टाकतात. आधी सगळे पॉलिप, म्हणजे कोरलची फुलासारखी तोंडं, आत जातात. मग पृष्ठभागावर मेणासारखा चकचकीत थर येतो, आणि चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कोरल तसंच मिटून बसतं. शेवटी तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. हा आजार नव्हे, अंगावरचं शेवाळ आणि घाण झटकायची त्यांची रीत आहे. अशा वेळी वेव्हमेकरची (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाची) दिशा थोडी बदलून त्याच्यावरून प्रवाह जाऊ द्या आणि दिवसातून एकदा मोठ्या सिरिंजने पाण्याचा हलका फवारा मारा. पापुद्रा बोटांनी ओढू नका.

आजार ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट आणि नाक जास्त कामाचं. नायट्राइल हातमोजा घालून दांडा हलकेच दाबा. रुसलेलं लेदर मिटलं तरी घट्ट, रबरासारखं लागतं. कुजणारं लेदर एखाद्या जागी दबतं आणि बोट तिथे खोलगट जातं. रंग बघा. कात टाकताना सगळं कोरल सारखंच फिकट किंवा तपकिरी दिसतं, कुज मात्र डागाने सुरू होते: काळा किंवा करडा ठिपका, कडा विस्कटलेली. शंका उरली तर मोठ्या पिपेटने त्या डागाजवळचं पाणी ओढून पांढऱ्या वाटीत घ्या आणि वास घ्या. समुद्री पाण्याला शेवाळाचा हलका वास असतो. कुजलेल्या ऊतीचा वास सडक्या अंड्यासारखा येतो आणि एकदा घेतला की विसरत नाही.

तिसरी शक्यता उगीचच्या छळाची. क्लाउनफिश लेदरमध्येच घर करते आणि दिवसभर अंग घासते. बुटक्या (ड्वार्फ) एंजल माशांना पॉलिप टोचायची खोड असते. असं असेल तर रात्री दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च लावून बघा. मासे झोपलेले असताना कोरल फुललं असेल तर गुन्हेगार सापडला.

पहिला तास

कुज नक्की झाली की सुटलेला, विरघळलेला भाग सहा मिलिमीटरच्या एअरलाइन नळीने सायफन करून बादलीत काढा. हे मापं घेण्याच्याही आधी. एक मोठं लेदर किंवा झेनियाचा (हात उघडमीट करत धडधडणाऱ्या सॉफ्ट कोरलचा) झुबका टाकीत रात्रभर सडला तर सकाळपर्यंत अमोनिया वाढून बाकीचे आजारी पडतात. बादलीतलं पाणी मोरीत, परत टाकीत नाही.

मग मापं, याच क्रमाने: तापमान, क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण), अमोनिया, अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात), त्यानंतर नायट्रेट आणि फॉस्फेट. पहिली दोन दोन मिनिटांत होतात आणि निम्मी प्रकरणं तिथेच उलगडतात. सॉफ्ट कोरलला २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते २० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम मानवतं. अमोनिया शून्यच हवा. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी वाटा मोठा. म्हणून डिसेंबरात निभावून गेलेली चूक मे महिन्यात टाकी रिकामी करते.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले तर खुश होऊ नका. पाण्याचं फार सोवळं पाळणाऱ्या टाकीत सॉफ्ट कोरल उपाशी राहतात, आकसतात, फिकी पडतात. फॉस्फेट रिमूव्हर काढून ठेवा आणि माशांचा खुराक वाढवा.

क्षारता मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतं म्हणून ३५ वर बरोबर असेलच असं नाही. त्याला ३५ चंच द्रावण द्या. विकतचं मिळालं नाही तर घरी करता येतं: शुद्ध, बिनआयोडीनचं सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि डीआय पाणी (रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं) ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजनाने. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवं, नसेल दाखवत तर स्क्रू फिरवा. काटा ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा घ्या. स्वयंपाकघरातला किलोचा काटा इथे चालत नाही.

ऊन

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकी ३१-३२ अंशांना सहज पोचते. ३० च्या वर काही दिवस सलग गेले की कोरल आपल्या अंगातली झूझँथेली ही एकपेशीय शेवाळं बाहेर टाकू लागतं. तेच त्याचे रोजचे स्वयंपाकी असतात. कोरल पांढरटतं, मग उपाशी पडतं आणि अशा थकलेल्या ऊतीवर जंतू चढतात.

इथल्या हवेची एक जमेची बाजू मात्र आहे. मुंबईत पंखा लावून टाकी फारशी थंड होत नाही कारण हवा आधीच दमट असते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच पंखा कमाल करतो. बारा सेंटिमीटरचे दोन १२ व्होल्टचे कॉम्प्युटर फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावा, झाकण काढा, मासे उड्या मारणारे असतील तर वर जाळी ठेवा. दिवसाला ५ लिटर पाणी उडालं म्हणजे टाकीतून सरासरी १४० वॅट उष्णता दिवसभर बाहेर गेली. थर्मोस्टॅट कंट्रोलर २६.५ ला पंखा चालू आणि २६ ला बंद असा लावा. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतच दमटपणा साठतो आणि टाकीचा पंखा नुसता फिरत राहतो.

दिव्यांची वेळ बदलणं हा फुकटातला उपाय. उन्हाळ्यात दिवे सायंकाळी ४ ते रात्री ११ ठेवा म्हणजे दुपारच्या उन्हात दिव्यांची उष्णता वर पडत नाही.

तातडीची वेळ आली तर बर्फ वापरा, पण हिशेबाने. फ्रीझरमधली एक लिटरची गोठलेली बंद बाटली २०० लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश खाली आणते. तीन बाटल्या एकदम न टाकता दर तासाला एक सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) ठेवा. बर्फाचे खडे थेट टाकणं म्हणजे नळाचं पाणी ओतणं.

पूर्व भागात, यंत्रमागाच्या जवळच्या घरात, पंख्याबरोबर सुताचं तूस पाण्यावर येतं. ते पृष्ठभागावर तवंगासारखं पसरतं, ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांत अडकतं आणि प्राणवायूची देवाणघेवाण मंदावते. पंख्याच्या मागे फिल्टर फ्लॉसचा पातळ तुकडा लावा आणि दर दोन दिवसांनी बदला.

वीज गेली की धोका आधी गुदमरण्याचा असतो, तापण्याचा नंतर. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. १२ व्होल्टवर चालणारा एक डीसी वेव्हमेकर बॅटरीवर ठेवा, नाहीतर निदान बॅटरीचा एअरपंप. घरच्या इन्व्हर्टरवर हीटर आणि चिलर जोडू नका, बॅटरी तासाभरात बसेल.

वरून ओतायचं पाणी

इथल्या बहुतेक टाक्या इथेच हरतात, म्हणून जरा थांबून बघू.

पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं. २०० लिटरमधून ५ लिटर गेले की ३५ ची क्षारता ३५.९ होते. लग्नाला तीन दिवस बाहेरगावी गेलात आणि कोणी पाणी घातलं नाही तर ती ३७.८ वर पोचते. लेदर मिटतं, झेनियाचे हात थांबतात. परत आल्यावर घाईघाईने १५ लिटर गोडं पाणी एकदम ओतलं तर दुसरा धक्का. ते दिवसभरात चार-पाच वेळा, सम्पमध्ये, प्रवाहात घाला.

महिनोन्‌महिने हळूहळू क्षारता ३८ वर गेली असेल तर हिशेब वेगळा. १६ लिटर टाकीचं पाणी काढून तितकंच आरओ-डीआय घातलं की ३८ चं ३५ होतं. पण ते तीन दिवसांत विभागा, रोज सव्वापाच लिटर.

आता कोणतं पाणी. नळाचं पाणी उजनीचं असो की बोअरचं, थेट कधीही नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते हौदात साठवलं जातं. त्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात गढूळपणा असतो आणि आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची जुनी सवय आहे. तुरटीतलं ॲल्युमिनियम लेदर कोरलला झोंबतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे फॉस्फेट रिमूव्हर वापरले की लेदर मिटतात, हे रीफ पाळणारे बऱ्याच काळापासून बघत आले आहेत. तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी पिंपात ठेवलेलं पाणीही नको. माणसाला ते मानवत असेल, पण अपृष्ठवंशी जीवांना तांबं विष आहे. त्याच कारणाने माशांच्या व्हाइट स्पॉटचं तांबंवालं औषध रीफ टाकीत घालायचं नाही.

स्वयंपाकघरातला आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी आरओच्या पाण्यात मिसळतो, शिवाय मिनरलचं कार्ट्रिज वेगळं. टाकीसाठी पाणी मेंब्रेनच्या लगेच पुढून घ्या, या दोन्हीच्या आधी. मेंब्रेन साधारण ९० ते ९५ टक्के क्षार अडवतं. बोअरचं पाणी १००० टीडीएसचं असेल तर मेंब्रेननंतरही ५० ते १०० उरतात. म्हणून पुढे डीआय रेझिनचं एक कार्ट्रिज हवंच. मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी वापरायचं नाही आणि १-२ दिसायला लागलं की रेझिन बदलायचं.

हा किस काढायचं कारण असं. १५० टीडीएसचं पाणी रोज ५ लिटर घातलं तर महिन्यात १५० लिटर जातं आणि त्याबरोबर साडेबावीस ग्रॅम अनोळखी क्षार टाकीत साठतात. वाफ त्यांना घेऊन जात नाही. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही. चौथ्या महिन्यात शेवाळाची गादी उगवते, ग्रीन स्टार पॉलिपचा गालिचा तिच्याखाली गुदमरतो आणि मालक म्हणतो, कोरलला काहीतरी रोग लागलाय.

फ्लोट व्हॉल्व्हचा ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, लावणार असाल तर वरचा कॅन २० लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. फ्लोट अडकला आणि २० लिटर एकदम उतरले तरी क्षारता ३१.८ वर थांबते, कोरल रुसतील पण बहुधा जगतील. शंभर लिटरचा ड्रम जोडला असेल तर ती २३ वर येईल आणि उरणार काही नाही, शिवाय जमिनीवर पाणी ते वेगळंच.

मुंबई किंवा कोकणातून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणण्याचा मोह काहींना होतो. किनाऱ्याजवळचं पाणी, पावसाळ्यात पातळ झालेलं, बंद कॅनमध्ये रात्रभराचा प्रवास. आमचं मत: नको. पाकिटातलं रीफ सॉल्ट लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम घालून एअरस्टोनवर २४ तास फिरवा आणि ४० लिटर नेहमी तयार ठेवा. आपत्ती रात्री साडेअकराला येते, तेव्हा मीठ विरघळत बसायला वेळ नसतो.

लेदरची शस्त्रक्रिया

पाणी दुरुस्त केलं तरी लागलेली कुज आपोआप थांबत नाही. ती कापावी लागते, आणि लेदर कापणं वाटतं तितकं भयंकर नाही. त्याचा तुकडा तुकडा जगतो.

तयारी: नवं सर्जिकल ब्लेड किंवा दाढीचं पातं, नायट्राइल हातमोजे, चष्मा, टाकीच्या पाण्याचे तीन डबे, ५ टक्के लुगॉल आयोडीन, कोरल रबलचे छोटे खडे, आणि नव्या पांढऱ्या मच्छरदाणीचा तुकडा. मच्छरदाणी औषध लावलेली नसावी, ते औषध कोळंबी-खेकड्यांचा जीव घेतं.

१. कोरल खडकासकट बाहेर काढा. पाण्याबाहेर ते गळाल्यासारखं लोंबेल, घाबरू नका.

२. काळ्या डागाच्या कडेपासून ५ ते १० मिलिमीटर निरोगी भागात आत जाऊन एका दमात कापा, करवतीसारखं घासू नका. लेदरच्या मांसात कॅल्साइटचे बारीक काटे असतात, त्यामुळे पातं कच्च्या पेरूतून जावं तसं करकरत जातं. कापलेली बाजू नीट बघा. निरोगी मांस मलईच्या रंगाचं, घट्ट, रवाळ असतं. पिकून गेलेल्या चिकूसारखं तपकिरी, पसरट दिसलं, किंवा मधोमध तपकिरी रेघ आत जाताना दिसली, तर अजून एक सेंटिमीटर वर जाऊन पुन्हा कापा. अर्धवट कापलेलं लेदर तिसऱ्या दिवशी त्याच जागी परत काळं पडतं. हात आखडायची जागा ही नव्हे.

३. पहिल्या डब्यात हलवून चिकट स्राव धुवा. हा स्राव टाकीत जाऊ देऊ नका.

४. दुसऱ्या डब्यात लिटरला ५ थेंब लुगॉल घाला, पाणी फिक्या चहासारखं होईल. त्यात १० मिनिटं ठेवा, मधूनमधून सिरिंजने पाणी हलवा. लुगॉल मिळालं नाही म्हणून जखमा धुण्याचं पोव्हिडोन आयोडीन स्क्रब वापरू नका, त्यात फेसाचं साबणद्रव्य असतं.

५. तिसऱ्या डब्यात खळबळून घ्या. आयोडीनचं पाणी मोरीत.

६. सुपरग्लू लेदरला धरत नाही, स्रावामुळे तासाभरात सुटतो. कापलेली बाजू रबलवर टेकवा आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळून मागे रबर लावा. रबर थेट दांड्यावर आवळलं तर तिथेच गळफास बसतो आणि नवी कुज तिथूनच सुरू होते.

७. मध्यम, फिरत्या प्रवाहात, खालच्या उजेडात ठेवा. १० ते १४ दिवसांत तुकडा खडकाला चिकटतो, मग जाळी कात्रीने काढा. पॉलिप उघडायला तीन आठवडेही लागतात.

अँटिबायोटिक मुख्य टाकीत ओतायचा सल्ला ऐकू येईल. त्याने खडकातले अमोनिया खाणारे जीवाणूही मरू शकतात आणि मूळ आजारापेक्षा मोठं संकट उभं राहतं.

बाकीच्यांचे नखरे

झेनिया धडधडायची थांबते ती पहिली सूचना. मग टोकं वळतात, दांडे पांढरट होतात आणि एका रात्रीत सगळा झुबका लाळ होतो. झेनियाला कापून वाचवण्यापेक्षा अजून घट्ट असलेले दोन-चार दांडे बाजूला काढा आणि बाकी सायफन करा. आयोडीनचा डोस तिला निम्मा, वेळ ५ मिनिटं.

ग्रीन स्टार पॉलिप आठवडाभर बंद असेल तर जांभळी चटई बघा. चटई जांभळी आणि घट्ट असेल तर वर बसलेला गाळ मऊ टूथब्रशने झाडला की बहुतेकदा उघडतं. करडी आणि बुळबुळीत झालेली चटई सोलून काढा.

मश्रूम कोरल जास्त उजेडाने मरतात. तोंड आ वासून, आतले पांढरे धागे बाहेर टाकून बसलेलं मश्रूम खाली सावलीत हलवा. ते विरघळायला लागलं तर वाचवायच्या भानगडीत न पडता लगेच काढा.

झोआंथिड खरं तर सॉफ्ट कोरल नव्हे, पण दुकानात त्याच रांगेत असतं. त्याच्या दांड्यावर मोहरीएवढे पांढरट-पिवळे फोड आले तर त्याला छंदी लोक झोआ पॉक्स म्हणतात. फोड आलेले पॉलिप कापून टाका, बाकीच्यांना लुगॉलचा डिप (वर सांगितल्याप्रमाणे डब्यातल्या औषधी पाण्यात बुडवणं) आठवड्याच्या अंतराने तीनदा द्या. इथे सावध राहा. झोआंथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असू शकतं. ते हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केल्याचं १९७१ साली प्रसिद्ध झालं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कापू नका, बोटावर जखम असेल तर हात लावू नका आणि झोआ लागलेला खडक कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने आख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.

रंगीबेरंगी कार्नेशन कोरल, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया, विकत घेऊ नका. त्याच्यात झूझँथेली नसतात, त्याला सतत बारीक प्लवक खायला लागतं आणि घरच्या टाकीत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भुकेने झिजतं. त्यावर कोणताही डिप चालत नाही.

शेजाऱ्यांचं युद्ध

लेदर कोरल जागेसाठी लढतात ते रसायनांनी. त्यांच्या अंगातली टर्पीन वर्गातली द्रव्यं पाण्यात सुटतात आणि आजूबाजूची कोरल आखडतात. लहान टाकीत दहा जातींची गर्दी केली की कोणीच फुलत नाही आणि मापं सगळी बरोबर येतात. असा गोंधळ दिसला की शंका इथे घ्या. लेदर कापल्यावर तर हे स्राव हमखास वाढतात.

उपाय ॲक्टिव्हेटेड कार्बन. २०० लिटरला साधारण १०० ग्रॅम, आरओच्या पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत सम्पच्या प्रवाहात. एरवी दोन-तीन आठवड्यांनी बदला, शस्त्रक्रियेनंतर पहिला महिना दर आठवड्याला. बऱ्याच दिवसांनी कार्बन घालणार असाल तर आधी ५० ग्रॅमच घाला. पाण्यातला पिवळेपणा एकदम गेला की दिव्यांचा उजेड अचानक खोल पोचतो आणि कोरल भाजतात. पिवळेपणा कसा ओळखायचा? टाकीचं पाणी पांढऱ्या बादलीत भरून शेजारी नव्या मिठाच्या पाण्याची बादली ठेवा. फरक दिसला तर कार्बन थकलाय.

एका रात्रीत सगळीच मिटली तर

एक कोरल आजारी असेल तर त्याच्याकडे बघा, सगळी एकदम मिटली तर खोलीकडे बघा. डासांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीची रंगरंगोटी, फिनेल, टाकीजवळचा धूप, अडकलेला हीटर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो तेव्हा हीटर लागतोच, पण तो बंद व्हायचा विसरला तर मेपेक्षा लवकर टाकी शिजवतो.

एअरपंप लावा, खिडक्या उघडा, नवा कार्बन घाला, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) ओला, म्हणजे पातळ फेस जास्त निघेल असा, चालवा. तापमान आणि क्षारता जुळवून ३० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी २५ टक्के. बदलण्याआधी नव्या पाण्याची अल्कलिनिटी मोजा. काही मिठं ११ डीकेएचला बसतात आणि टाकी ७ वर असेल तर ही उडीच नवा धक्का ठरते, अशा वेळी १५-१५ टक्क्यांनी जा. माशांचा खुराक दोन दिवस बंद. दिवे निम्म्यावर आणा आणि दोन आठवड्यांनी दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा. पांढरटलेली पण घट्ट असलेली कोरल मेली समजून फेकू नका, त्यांना रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात.

नवं कोरल आणताना

मुंबईहून किंवा पुण्याहून पार्सल मागवताना उन्हाळ्यात दिवसाची बस टाळा, बसच्या पोटातली डिकी दुपारी भट्टी होते. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. थर्माकोलचा खोका आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली जेल पॅक मागा. पिशवी २० मिनिटं तरंगवा, अर्धा-पाऊण तास थेंबथेंब टाकीचं पाणी द्या आणि पिशवीतलं पाणी टाकीत न घालता फेका.

काय घेतोय तेही बघा. सगळी कठीण, खडक बांधणारी कोरल, काळं प्रवाळ, लाल नळ्यांचं ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून उचललेला माल कोणी देत असेल तर हात जोडा, आणि आयात केलेल्या मालाची कागदपत्रं मागा.

मग चार आठवडे वेगळ्या ३०-४० लिटरच्या टाकीत. स्पंज फिल्टर, छोटा दिवा, एक हीटर एवढं पुरे. पहिल्या दिवशी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी डिप द्या, कारण झोआ खाणाऱ्या समुद्री गोगलगाईंची अंडी डिपने मरत नाहीत, फुटून पिल्लं आली की पुढच्या डिपमध्ये सापडतात. या बिनशंखी गोगलगाई ज्याच्यावर जगतात त्याचाच रंग घेतात, म्हणून डिपनंतर डब्याच्या तळाशी काय पडलंय ते भिंगाने बघा. अंडी दांड्याच्या बुडाशी पांढऱ्या वळशासारखी चिकटलेली असतात, टूथपिकने खरवडून काढा. झोआच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चपटा, जिन्यासारखा शंख दिसला तर तो सनडायल, रात्री चरतो. लेदरच्या बुडाशी रोज नवा खड्डा पडत असेल तर फांद्यांसारख्या कल्ल्यांची पांढरी गोगलगाय दांड्याच्या मागे लपलेली सापडते. खडक उलटा करून बघितल्याशिवाय ती दिसणार नाही.

आणि मार्च संपायच्या आत निरोगी लेदरचा एकेक तुकडा कापून गावातल्याच दुसऱ्या रीफवाल्याच्या टाकीत ठेवायला द्या. त्याचे आपल्या टाकीत ठेवा. मे महिन्यात कोणाची मोटर जळेल ते आधी सांगता येत नाही.